आधी पाणी शोधा, मग बुरशी घासा

नमस्कार श्रोतेहो.

जुलैत पुण्यात झड लागली की मला फोन सुरू होतात. घरांतल्या गळतीची पाहणी करणं हे माझं काम. कोथरूड असो, बिबवेवाडी असो, पेठेतली जुनी इमारत असो, प्रश्न एकच असतो : "मॅडम, बाथरूमच्या छताला काळे ठिपके आलेत, कुठलं लिक्विड आणू?" लिक्विडचं मी सांगणार आहे, पण त्याआधी एक विचारते. ते ठिपके नेमके कुठे आलेत?

बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात. ते घरात येऊच नयेत, असा कुठलाही उपाय नाही. त्यांना रुजायला ओल लागते, आणि एखादी जागा एक-दोन दिवस सलग ओली राहिली तरी त्यांचं भागतं. साबणाचा पातळ थर, अंगाचा मळ, रंगातले काही घटक यांवर ती पोसली जाते. म्हणून बुरशी दिसली की आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

ठिपके छताच्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीच्या बाजूला, खिडकीच्या वरच्या अंगाला असतील, तर बहुतेक वेळा ती वाफ असते. गरम पाण्याची वाफ वर जाते, गार भिंतीला लागते आणि तिथेच पाणी होऊन बसते. पण डाग जमिनीपासून वर चढत असेल, किंवा बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर पोपडे येत असतील, तर ती गळती समजा. पांढरी, पिठासारखी भुकटी मात्र बुरशी नसते. ते भिंतीतून बाहेर आलेले क्षार असतात. पण तेही पाण्याबरोबरच येतात, तेव्हा त्यांच्याकडे काणाडोळा करू नका.

पुणेकरांच्या हाताशी एक फार चांगली परीक्षा आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते. त्या दिवसांतही डागावर हात ठेवल्यावर गारवा लागत असेल, तर ते पाणी पावसाचं नव्हे. ते तुमच्या पाइपातलं आहे, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या न्हाणीतलं. अशा वेळी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. काटा हलत असेल तर नळाच्या लाइनमध्ये गळती आहे. काटा स्थिर असेल तर वरच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतल्या पाणी वाहून जायच्या जाळीच्या तोंडाला, बोळा लावून फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास कोंडून ठेवायचं, आणि खाली ओल वाढते का ते पाहायचं. यासाठी वरच्या बिऱ्हाडाशी बोलावं लागतं. भांडणाच्या सुरात न बोलता, दोन्ही घरांची माणसं एकत्र उभी राहून ही परीक्षा करतात, तिथे काम लवकर होतं.

आता सफाई. टाइल आणि काचेवरची बुरशी साध्या साबणाच्या पाण्याने निघते. पण कोरडी कधीच घासू नका. कोरडी बुरशी घासली की बीजाणू उडतात आणि थेट नाकात जातात. दमा असलेल्यांना, ॲलर्जीवाल्यांना, लहान मुलांना त्याचा त्रास होतो. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाने तर या कामाला हातच लावू नये, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. नाकाला एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. छतापर्यंत हात पोचवायचा असेल तर गिझरचं बटण मेनपासून बंद करा आणि स्टूल ओल्या फरशीवर ठेवू नका. आधी फवारणीच्या बाटलीने साबणाचं पाणी मारा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग ब्रशने घासा. वापरलेलं फडकं पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. शेवटी भिंत कोरड्या फडक्याने पुसा आणि पंखा लावून वाळवा. हे वाळवणं राहिलं की पंधरा दिवसांत ठिपके पुन्हा हजर.

टाइलच्या सांध्यांत डाग उरला तर ब्लीच चालतं. चार लिटर गार पाण्यात एक कप, त्याहून जास्त नको. खिडकी उघडी ठेवा.

आणि श्रोतेहो, इथे हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. कमोड साफ करायच्या बहुतेक लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. फरशी घासायला सुट्या बाटलीत मिळतं तेही ॲसिडच. व्हिनेगर, लिंबू हीही आम्लंच. यातलं काहीही ब्लीचला किंवा ब्लीचिंग पावडरला लागलं, की क्लोरीन वायू सुटतो. काच पुसायच्या काही लिक्विडमध्ये अमोनिया असतो, त्यातूनही विषारी वायूच निघतो. चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये, खाली वाकून घासणाऱ्या माणसाला त्यातून बाहेर पडायला फार वेळ मिळत नाही. कमोडला सकाळी ॲसिड टाकलं असेल, तर त्याच दिवशी भिंतीला ब्लीच लावू नका. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना हे नीट समजावून सांगा, बाटल्या वेगळ्या ठेवा, आणि त्यांनाही मास्क-मोजे द्या. बहुतेक घरांत हे काम त्याच करतात. चुकून वास आलाच, डोळे चुरचुरले, खोकला सुटला, तर सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत या. बादली ओतायला पुन्हा आत जाऊ नका. धाप लागली तर १०८ला फोन करा. कधीकधी त्रास काही तासांनी वाढतो, म्हणून थोडं बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा.

सांध्यांवरचं सिलिकॉन आतून काळं पडलं असेल तर कितीही घासा, उपयोग नाही. ते कापून काढून नवं भरावं लागतं. जिप्समच्या छतात ओल मुरली असेल तर तो तुकडाच बदलायचा.

एक्झॉस्ट फॅन अनेक घरांत असतो, चालतोही, पण हवा ओढत नाही. टिश्यू पेपरचा तुकडा त्याच्या जाळीला लावून बघा. चिकटून राहिला तर ठीक. पडला तर पाती मळली असतील, डक्टचं तोंड कबुतरांच्या घरट्याने बुजलं असेल, नाहीतर दाराखाली फटच नसेल. बाहेरची हवा आत आली नाही तर आतली जाणार कुठून? आंघोळ संपल्यावर फॅन वीस-तीस मिनिटं चालू ठेवा आणि वायपर फक्त फरशीवर न फिरवता भिंतींवरही फिरवा. पावसाळ्यात बाथरूममध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालतात, ते टाळता आलं तर टाळा. त्या कपड्यांतलं पाणी भिंतीतच जातं. गॅस गिझर आत असेल तर तो बाहेर हलवा. गॅस जळतानाही वाफ होते, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, ज्याला वासच नसतो.

राहता राहिला रंग. दिवाळी जवळ आली की रंगारी बोलावले जातात. पाऊस नुकताच ओसरलेला, भिंत आतून ओली. त्यावर रंग मारला की संक्रांतीपर्यंत पोपडे सुटतात. बाथरूमचा रंग आणि वॉटरप्रूफिंग फेब्रुवारी ते मे या काळात करा. भिंतीवर रात्रभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून ठेवा. सकाळी आतून दव दिसलं, तर त्या रंगाऱ्याला महिन्याने बोलवा.