विस्मरण असलेल्या लॅटिनो ज्येष्ठांना चालतं ठेवायला फोन कसा वापरायचा, आणि तो कुठे फसतो

नमस्कार. बहुतेक फिटनेस ॲप एक गोष्ट गृहीत धरतात: एकदा आठवण करून दिली की माणूस ती मनात ठेवेल आणि सवड झाली की चालायला जाईल. ज्यांची स्मरणशक्तीच मंदावली आहे, त्यांच्या बाबतीत हे पहिल्याच दिवशी फसतं. मेसेज वाचला जातो, "जाऊ थोड्या वेळाने" म्हणून फोन ओट्यावर ठेवला जातो आणि दहा मिनिटांनी मेसेज आला होता हेही आठवत नाही.

आज बोलू या अमेरिकेतल्या लॅटिनो ज्येष्ठांबद्दल. मेक्सिको, पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक, मध्य अमेरिका अशी मुळं असलेली आणि बहुतेकदा घरात स्पॅनिश बोलणारी ही माणसं. तिकडे होम केअर, फिजिओथेरपी किंवा हेल्थ ॲपच्या कामात बरीच मराठी मंडळी आहेत. त्यांना हे उद्याच वापरता येईल.

हाच गट का? अल्झायमर्स असोसिएशनच्या आकडेवारीनुसार गोऱ्या ज्येष्ठांपेक्षा लॅटिनो ज्येष्ठांमध्ये डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण साधारण दीडपट आहे. मधुमेहही त्यांच्यात जास्त, आणि तो मेंदूच्या रक्तवाहिन्यांचंही नुकसान करतो. व्यायामाने साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, तोल सुधारतो, झोप लागते. गेलेली स्मरणशक्ती परत येईल असं मात्र कुटुंबाला सांगू नका.

'एक्झर्ट' नावाची एक अमेरिकन चाचणी इथे महत्त्वाची आहे. विस्मरण आहे पण रोजचे व्यवहार जमतात, या अवस्थेला डॉक्टर एमसीआय म्हणतात. अशा सुमारे ३०० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना वर्षभर दम लागेल असा व्यायाम दिला, निम्म्यांना स्ट्रेचिंग आणि तोल सांभाळायचे हलके प्रकार. दोन्ही गटांबरोबर वायएमसीए या संस्थेचे ट्रेनर होते. वर्षाअखेर दोन गटांत फरक दिसला नाही, आणि स्मरणशक्ती व विचारक्षमतेच्या मोजमापात दोन्हीही गट घसरले नाहीत. व्यायाम न करणारा तिसरा गट चाचणीत नव्हता, त्यामुळे यावरून फार मोठा दावा करता येत नाही. तरी आमचं मत स्पष्ट आहे: फोनची ताकद वेग वाढवण्यात घालवू नका, नियमितपणा आणि माणसाची सोबत यांच्यासाठी वापरा.

आता प्रत्यक्ष मांडणी. पहिला आठवडा फक्त मोजा, ध्येय देऊ नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि त्यात ५०० पावलं मिळवा. दोन आठवडे ते जमलं की पुढची ५००. दहा हजारांचा आकडा डोक्यातून काढा. तो १९६०च्या दशकातल्या एका जपानी पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या, जाहिरातीतून रूढ झाला. सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांवरच्या २०१९च्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी दिसला, आणि साधारण ७,५००च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही.

मोजणीच चुकते तेव्हा सगळं बिघडतं. मनगटावरचा पट्टा हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतो. वॉकर ढकलताना हात स्थिर असतात, म्हणून अर्धा तास चालूनही आकडा जेमतेम हलतो आणि चाललेल्या माणसाला "तुम्ही आज चालला नाहीत" असा मेसेज जातो. याहून मन खच्ची करणारं काही नाही. अशांना यंत्र घोट्याला बांधा, नाहीतर पावलं सोडून मिनिटं मोजा. रोज चार्जिंग लागणारं यंत्र टाळा, ते चार्जरवरच विसरलं जातं. नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर महिनोन्‌महिने चालणारी यंत्रं मिळतात. बॅटरी घरच्यांनीच बदलायची आणि जुनी लगेच टाकायची, कारण ती गिळली गेली तर जिवावर बेतू शकतं.

मेसेजची वेळ घड्याळावरून ठरवू नका, सवयीवरून ठरवा. सकाळची कॉफी साधारण किती वाजता संपते, हे त्यांच्या मुलीला विचारा आणि मेसेज तेव्हाच जाऊ द्या. मजकुरात एकच कृती.

[स्क्रीनवर मेसेज: "दोन्या रोसा, देस्पुएस देल काफे साल्गा आ कामिनार १० मिनुतोस कोन सु इखा."]

म्हणजे, "रोसाबाई, कॉफी झाली की मुलीबरोबर १० मिनिटं फिरून या." क्रियापद आदरार्थी ठेवलंय, तरुण ॲपवाले अरे-तुरे करतात ते या पिढीला खटकतं.

इथे एक तांत्रिक खोच आहे. साध्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, पण ती एका ठरावीक अक्षरसंचातली असतील तरच. स्पॅनिशमधली 'न्या' आणि आघातचिन्हाचा 'ए' ही अक्षरं त्या संचात आहेत. पण आघातचिन्ह असलेले आ, इ, ओ, उ नाहीत. त्यातलं एक जरी आलं, तरी संपूर्ण मेसेजची मर्यादा ७० वर येते. पुढचा मजकूर वेगळ्या तुकड्यात जातो आणि काही जुन्या फोनवर तुकडे मागेपुढे दिसतात. मराठी एसएमएसलाही हीच ७०ची मर्यादा आहे. म्हणून मजकूर ७०च्या आत बसवा, चिन्हं गाळून शुद्धलेखन बिघडवू नका.

वाचायला त्रास होत असेल तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट, तीही नातवाच्या आवाजात. व्हॉट्सॲप या समाजात घरोघरी वापरलं जातं, नवं ॲप शिकवावं लागत नाही.

अर्ध्या तासात हालचाल दिसली नाही, तर दुसरा मेसेज आजींना नको, मुलीला पाठवा: "फोन करा." आजींना पुन्हापुन्हा वाजवलं की त्या फोन बंद करून ठेवतात. आणि मुलीला काय काय कळणार आहे, ते आजींना आधी विचारून ठरवा.

अँड्रॉइड फोनवर ॲपमधून येणारे आठवणीचे मेसेज अचानक थांबले तर आधी बॅटरीची सेटिंग बघा. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. नाहीतर फोन बॅटरी वाचवायला ॲपला झोपवतो. 'डू नॉट डिस्टर्ब'ही तपासा.

चालणं आवडत नसेल तर नाच. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात लॅटिनो ज्येष्ठांसाठी 'बायलामोस' हा कार्यक्रम तयार झाला: चार महिने, आठवड्याला दोन वर्ग, मेरेंगे, चा-चा-चा, बचाता आणि साल्सा. घरी करायचं तर मेरेंगेपासून सुरू करा, पावलं चालण्यासारखीच पडतात. बाजूला भक्कम खुर्ची हवी आणि सैल गालिचा उचललेला हवा. जोर किती? बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये.

इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साखर तपासून निघायचं आणि खिशात गोड काहीतरी ठेवायचं. घाम, थरथर किंवा नेहमीपेक्षा जास्त गोंधळ दिसला तर तो विस्मरणाचा भाग समजून सोडू नका. आधी साखर मोजा. छातीत दुखलं, एक बाजू लुळी पडली किंवा बोलणं अडखळलं तर मुलीला मेसेज नाही, थेट ९११, म्हणजे अमेरिकेतला आपत्कालीन नंबर.