गहाणाच्या खिडकीत पिस्तूल

पडद्यावर दिसते आहे ती रोममधल्या गहाणवटीच्या पेढीची खिडकी आहे. नुकताच तुरुंगातून सुटलेला कोझिमो नावाचा चोर आत येतो आणि पलीकडे बसलेल्या कारकुनावर पिस्तूल रोखतो. कारकून घाबरत नाही. रोज असे कितीतरी जण वस्तू घेऊन समोर उभे राहत असल्यामुळे तो निर्विकारपणे पिस्तूल हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो आणि त्यावर किती कर्ज मिळू शकेल ते सांगू लागतो. प्रेक्षक हसतात. त्यानंतर थोड्याच वेळात हाच कोझिमो रस्त्यावर एका बाईची पर्स हिसकावायला धावतो आणि ट्रामखाली सापडून मरतो.

मारिओ मोनिचेल्ली दिग्दर्शित ‘इ सोलिति इन्योति’, म्हणजे ‘नेहमीचेच अज्ञात इसम’, हा चित्रपट १९५८ साली इटलीत प्रदर्शित झाला. गरीब वस्तीतल्या भुरट्या चोरांची ही गोष्ट हसवण्यासाठीच लिहिली होती, आणि तरीही तिच्यातले एक प्रमुख पात्र मध्येच मरते. भूक, आजार, दारिद्र्य आणि मरण या विषयांवर हसता येणे हेच इटालियन विनोदाचे मूळ आहे, असे मोनिचेल्ली पुढे अनेक मुलाखतींमध्ये सांगत राहिले. दिग्दर्शकाच्या मुलाखती सगळीकडे उद्धृत होतात. ज्या टेबलावर कोझिमोचे मरण ठरले, त्या टेबलाभोवती बसलेल्या लेखकांची नावे मात्र श्रेयनामावलीत झरझर निघून जातात, म्हणून ती येथे थोडी थांबवून दाखवली आहेत.

पहिली दोन नावे आजे आणि स्कार्पेल्ली यांची आहेत. आजेंचे पूर्ण नाव आजेनोरे इन्क्रोच्ची आणि स्कार्पेल्लींचे फुरिओ. या जोडीने तोतो या लोकप्रिय विनोदी नटासाठी अनेक चित्रपट लिहिले होते. तिसरे नाव सुझो चेक्की दामिको यांचे आहे. १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’च्या लेखकांपैकी त्या एक होत्या. चोरीला गेलेल्या सायकलीपायी स्वतः चोरी करण्याची पाळी आलेल्या बापाचे दुःख ज्यांनी लिहिले, त्यांनीच दहा वर्षांनी चोरीच्या फजितीवर लेखणी चालवली, आणि माझ्या मते या चित्रपटाचा जीव त्या दहा वर्षांच्या अंतरात आहे. लेखकांपुढे आणखी दोन गोष्टी होत्या. १९५५ सालच्या ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटात सुमारे अर्धा तास एकही संवाद नसलेली, घड्याळाच्या काट्यासारखी अचूक घरफोडी होती, आणि तिचे विडंबन करण्याची इच्छा येथे लपलेली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे इतालो काल्व्हिनो यांची एक कथा, जिच्यात मिठाईच्या दुकानात शिरलेले चोर गल्ला विसरून खात सुटतात. चित्रपटाचे बीज या कथेत असल्याचे सांगितले जाते, आणि शेवट पाहिल्यावर ते पटते.

आता पटकथेची बांधणी पाहू, कारण विनोद कुठून येतो हे तिथे दिसते. मोटार चोरताना पकडला गेलेला कोझिमो तुरुंगात आहे. तिथल्या एका गवंड्याकडून त्याला कळले आहे की गहाणवटीच्या पेढीची तिजोरी आणि शेजारचा रिकामा फ्लॅट यांच्यामध्ये फक्त एक पातळ भिंत आहे. बाहेर पडण्यासाठी त्याला गुन्हा स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस हवा आहे, आणि तो पोलिसांच्या दफ्तरी कोरा असला पाहिजे. त्याचे साथीदार असा माणूस शोधत वस्तीभर फिरतात, पण ज्याला त्याला विचारावे त्याच्या नावावर काही ना काही निघतेच. शेवटी सापडतो तो पेप्पे, एक अयशस्वी मुष्टियोद्धा. तो पैसे घेऊन कबुलीजबाब देतो, पण दंडाधिकाऱ्याचा विश्वास बसत नाही आणि दोघेही आतच राहतात. मग आपल्याला मोठी शिक्षा झाल्याचे भासवून पेप्पे कोझिमोकडून सगळी योजना काढून घेतो आणि स्वतः सुटून जातो.

पेप्पेने जमवलेल्या टोळीत एकही माणूस केवळ हावेपोटी आलेला नाही. मार्चेल्लो मास्त्रोयानींनी रंगवलेला तिबेरिओ हा छायाचित्रकार आहे. त्याची बायको चोरट्या सिगारेटी विकल्याबद्दल तुरुंगात आहे, त्यामुळे तान्हे मूल त्याच्या गळ्यात आहे. तिजोरी कशी उघडतात याचे चित्रण करण्यासाठी तो पोर्ता पोर्तेझेच्या बाजारातून कॅमेरा चोरतो, तेव्हा हाताला खोटे प्लास्टर घालून जातो. पुढे कॅमेऱ्याचा मालक त्याला गाठून तो हात खरोखरच मोडतो, आणि घरफोडीच्या रात्री तिबेरिओ खऱ्या प्लास्टरनिशी हजर होतो. मूल मात्र त्या रात्री तुरुंगातल्या आईकडे सोपवावे लागते. म्हातारा कापान्नेल्ले जिथे जाईल तिथे काहीतरी खात असतो. फेर्रिबोत्ते हा सिसिलीकर स्वतः चोऱ्या करतो, पण बहिणीची अब्रू सांभाळण्यासाठी तिला घरात कोंडून ठेवतो. हे सगळे विनोद अडचणीतून निघालेले आहेत, त्यामुळे त्याच अडचणींपैकी एखादी कोझिमोच्या जिवावर उठते तेव्हा चित्रपटाला सूर बदलावा लागत नाही.

वाळत घातलेल्या कपड्यांमधला हा गच्चीवरचा प्रसंग आवर्जून पूर्ण ठेवला आहे. तिजोऱ्या फोडण्यातला जुना जाणकार दान्ते क्रुचियानी येथे शिकवणी घेतो. ही भूमिका तोतो यांची आहे. नव्या नटांच्या चित्रपटाला गर्दी खेचणारा एक तरी चेहरा असावा म्हणून त्यांना घेतले गेले, असे सांगतात. प्रसंग लहान असला तरी तोतो त्यात गुरुजींची सगळी ऐट आणतात आणि चोरीचे शास्त्र एखाद्या शाळेच्या तासासारखे समजावतात. तिबेरिओने केलेले चित्रण पाहून त्यांचा अभिप्राय असा असतो की चित्रपट म्हणून हे अगदीच टाकाऊ आहे.

गासमान यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहावे. व्हित्तोरिओ गासमान रंगभूमीवरचे शोकांतिकेचे नट म्हणून नावाजलेले होते. पेप्पेसाठी त्यांचे कपाळ केसांनी झाकून लहान केले गेले, नाकाचा आकार बदलला गेला आणि बोलण्यात तोतरेपणा आणला गेला. इतरांच्या बाबतीत कारागिरी आवाजाची होती. फेर्रिबोत्ते झालेले तिबेरिओ मुर्जा हे मूळचे सार्डिनियाचे. बेल्जियममध्ये खाणकामगार म्हणून राबून आलेले आणि रोममधल्या एका खानावळीत भांडी घासणारे. पडद्यावर मात्र ते अस्सल सिसिलीकर ठरले, कारण त्यांचा आवाज दुसऱ्याचा आहे. कार्लो पिसाकाने नेपल्सचे होते आणि त्यांचा कापान्नेल्ले बोलोन्याच्या ढंगात बोलतो. कोंडून ठेवलेल्या बहिणीच्या भूमिकेतल्या क्लाउदिआ कार्दिनाले ट्यूनिसमध्ये वाढलेल्या असल्याने त्यांनाही उसना आवाज मिळाला. डबिंगच्या खोलीत बसून ज्यांनी हे आवाज दिले त्यांची छायाचित्रे आमच्या संग्रहात नाहीत. त्यांचे काम आपण ऐकतोच आहोत.

छायालेखन जान्नी दी व्हेनान्झो यांचे आहे. त्यांनी ही गोष्ट विनोदी चित्रपटांना शोभणाऱ्या लख्ख उजेडात न चित्रित करता गुन्हेकथेसारख्या काळ्या-करड्या छटांत चित्रित केली, आणि पिएरो उमिलियानी यांनी तिला जॅझचे संगीत दिले. शहराच्या कडेचे उघडे माळ, अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारती आणि त्यांच्यामधून चालणारी ही माणसे पाहताना लक्षात ठेवावे की इटलीच्या ज्या भरभराटीला आर्थिक चमत्कार म्हटले गेले ती याच सुमारास सुरू होत होती. नेपथ्यात घरफोडीची गल्ली म्हणून दिसणारी ही चढणीची वाट त्रायानच्या बाजाराजवळची व्हिया देल्ले त्रे कान्नेल्ले आहे.

त्या रात्री काय होते ते चित्रेच सांगतात. रिकामा समजलेल्या फ्लॅटमध्ये दोन वृद्ध स्त्रिया आणि त्यांची मोलकरीण राहत असल्याचे आधीच कळलेले असते, आणि तिथे प्रवेश मिळवण्यासाठी पेप्पेने त्या मुलीशी सूतही जुळवलेले असते. पण घरातले सामान मध्यंतरी हलवले गेले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. तासन्‌तास खपून टोळी जी भिंत फोडते तिच्या पलीकडे तिजोरी नाही, त्याच घराचे स्वयंपाकघर आहे. मग ते तिथेच बसतात आणि भांड्यात उरलेला पास्ता व काबुली चणे खातात. कोझिमो या वेळी हयात नाही आणि टोळीतल्या मारिओ नावाच्या तरुणाने आधीच सरळमार्गी होण्याचे ठरवून टोळी सोडलेली आहे. गॅसच्या स्फोटाने जेवणही अर्धवट राहते. सकाळी पोलिसांपासून लपण्यासाठी पेप्पे बांधकामावर निघालेल्या मजुरांच्या घोळक्यात शिरतो आणि फाटकातून आत ढकलला जातो. मागे राहिलेला कापान्नेल्ले, तिथे काम करावे लागेल, असे ओरडून बजावत राहतो. मजुरीची ही भीती लेखकांनी शिक्षेसारखी लिहिली आहे.

चित्रपटाला परभाषिक चित्रपटांच्या विभागात ऑस्करचे नामांकन मिळाले, १९५९ मध्ये दुसऱ्या दिग्दर्शकाने त्याचा पुढचा भाग काढला आणि १९८४ मध्ये अमेरिकेत त्यावरून एक चित्रपट निघाला. १९५९ मध्येच मोनिचेल्ली, आजे आणि स्कार्पेल्ली यांनी गासमान यांना घेऊन ‘ला ग्रांदे ग्वेर्रा’ हा पहिल्या महायुद्धावरचा चित्रपट केला. त्यात कामचुकार सैनिकांची जोडी शेवटपर्यंत हसवत राहते आणि गोळ्या घालून मारली जाते. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दिग्दर्शक रोस्सेल्लिनींच्या चित्रपटासोबत विभागून सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.