दोघींनी बोलायचं

नमस्कार श्रोतेहो.

ज्या देशाची भाषा आपल्याला येत नाही अशा देशात दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी निघतात, तेव्हा बहुतेक वेळा दोघांपैकी एकाला त्या भाषेतलं थोडंफार येत असतं. कोणी क्लास केलेला असतो, कोणाचा नोकरीच्या निमित्ताने तिथल्या माणसांशी संबंध आलेला असतो. मग न ठरवताच एक व्यवस्था लागून जाते. ज्याला येतं तो बोलतो, ज्याला येत नाही तो मागे उभा राहतो. सुरुवातीला हे सोयीचं वाटतं. पुढे दोघांनाही जाचायला लागतं, आणि आपण चिडचिड का करतोय हे दोघांनाही उमगत नाही. मी आणि माझी एक शाळेपासूनची मैत्रीण जपानला गेलो होतो, तेव्हा हे मी जवळून पाहिलं. त्याबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मला जपानी थोडं येतं. पुण्यात ही नवलाची गोष्ट नाही. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग कित्येक वर्षं चालत आले आहेत. मैत्रिणीला मात्र जपानीचा गंधही नव्हता. ती संस्कृतची शिक्षिका, आता निवृत्त झाली आहे. आणि शाकाहारी, अगदी कडक.

निघण्यापूर्वी मी तिला एकच गोष्ट शिकायला सांगितली होती, ती म्हणजे काताकाना लिपी. जपानीत तीन लिप्या एकमेकींत मिसळून लिहितात. कांजी ही चिनी अक्षरं, रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत ती 2,136 आहेत. ती काही सुट्टीसाठी निघालेल्या माणसाला शिकून होत नाहीत. पण हिरागाना आणि काताकाना या लिप्यांत मूळ अक्षरं प्रत्येकी 46, आणि परदेशातून आलेले शब्द काताकानात लिहितात. म्हणजे कॉफी, हॉटेल, टॅक्सी, बस, टॉयलेट. 'कोही', 'होतेरु', 'ताकुशी' असं हळूहळू जुळवून वाचलं की अर्थ आपोआप कळतो. भाषा येत नसतानाही पाट्या वाचता येतात, हा फायदा लहान नाही.

आणि मराठी माणसाला ही अक्षरं लवकर पाठ होतात, कारण त्यांचा क्रम आपल्या ओळखीचा आहे. आधी पाच स्वर, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतून संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे वर्णमालेची ही मांडणी जपानात रुजली. मैत्रिणीने ते ऐकलं आणि वही काढली. विमानात बसेपर्यंत तिची लिपी तयार होती.

रेल्वेबद्दल फार बोलत नाही, कारण तिथे अडचण वाटते तितकी येतच नाही. टोकियोच्या भुयारी रेल्वेत 2004 पासून प्रत्येक स्थानकाला मार्गाचं अक्षर आणि क्रमांक दिलेला आहे. गिन्झा मार्गावरचं आसाकुसा म्हणजे जी-19, उएनो म्हणजे जी-16. आकडे वाढताहेत की कमी होताहेत एवढं पाहिलं की आपण योग्य दिशेने चाललोय का ते कळतं. रस्त्यात वाट चुकलीच तर कोबान असतात, म्हणजे चौकाचौकातल्या छोट्या पोलीस चौक्या. तिथल्या पोलिसाकडे त्या भागाचा नकाशा असतो, आणि पत्ता दाखवला की तो बाहेर येऊन वाट दाखवतो.

खरी गाठ पडते ती जेवणाशी. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हे सार. ते बहुधा वाळवून धुरी दिलेल्या कात्सुओ माशाच्या पातळ पापुद्र्यांचं करतात. मिसो सूप, उदोन या जाड नूडल्सचा रस्सा, तेम्पुरा या तळणीबरोबरची पातळ चटणी, अंड्याची गोडसर वळकटी, सगळ्यांत ते असतं. आणि पुष्कळ ठिकाणी 'मांस नको' म्हटलं की माशाचं सार चालेल असंच गृहीत धरतात. त्यात लबाडी काही नसते, त्यांच्या लेखी ते मांसात मोडतच नाही. म्हणून 'मी शाकाहारी आहे' या वाक्याचा उपयोग कमी. आम्ही जपानीत लिहिलेलं एक कार्ड नेलं होतं. त्यावर मांस, मासे आणि कात्सुओची दाशी चालत नाही हे होतंच, पण त्याखाली काय चालतं तेही लिहिलं होतं. भात, तोफू, भाज्या, समुद्री शेवाळ, शिताके अळंबीचं सार. या खालच्या अर्ध्या भागाने आम्हाला जास्त वेळा जेवू घातलं. नुसती नकारांची यादी दिली की स्वयंपाकी हतबल होतो. काय चालतं ते समोर आलं की तो विचार करायला लागतो.

नकार मात्र तिथे सरळ येत नाही. माणूस मान तिरकी करतो, दातांतून श्वास आत ओढतो, 'चोत्तो', म्हणजे 'जरा', असं म्हणतो आणि वाक्य अर्धवट सोडतो. समजायचं की नाही. हे आम्ही लवकर शिकलो. आपल्याकडून जाणारी एक खूण मात्र आम्हाला उशिरा कळली. आपण 'हो, चालेल' म्हणताना मान कडेला हलवतो ना, ती हालचाल तिथे शंकेसारखी दिसते. मैत्रीण मनापासून होकार द्यायची आणि वाढणारी मुलगी ताट हातात धरून घुटमळायची.

आता त्या व्यवस्थेकडे येते. क्योतोमध्ये मैत्रिणीचं पोट बिघडलं. आम्ही औषधांच्या दुकानात गेलो. फार्मासिस्ट भला माणूस होता, तो सावकाश, सोप्या शब्दांत विचारत होता. ताप आहे का, कधीपासून, रोजची औषधं कोणती, वय किती. तो माझ्याकडे पाहून विचारत होता, कारण उत्तर माझ्याकडून येत होतं. बरीच उत्तरं मला ठाऊक असल्यामुळे ती मी तिला न विचारताच देत होते. औषध योग्य मिळालं, ती दुसऱ्या दिवशी बरीही झाली. पण त्या रात्री ती मला म्हणाली, "अगं, तुम्ही दोघं माझ्या पोटाबद्दल बोलत होतात आणि मी तिथे उभी होते. मला काय झालंय हे माझ्याखेरीज सगळ्यांना कळत होतं."

ती रागाने बोलली नव्हती. पण मला झोप आली नाही. सारा जन्म जिने वर्गासमोर उभं राहून बोलण्यात काढला, तिच्या वाट्याला या प्रवासात पिशवी सांभाळत मागे उभं राहणं आलं होतं. परक्या भाषेत गप्प बसावं लागणं हे माणसाला फार लवकर लहान करतं. आधी दुकानदार तिच्याकडे बघेनासा होतो. मग तिचं तिलाच वाटायला लागतं की आपण विचारून काय उपयोग. मग ती खिडकीबाहेरचंही विचारत नाही. आणि बोलणारी दिवसभर दोघींचं ओझं वाहून संध्याकाळी इतकी थकते की मैत्रिणीशी मराठीत दोन शब्द बोलायचं त्राणही तिच्यात उरत नाही. सोबत म्हणून निघालेल्या दोघी एकेकट्या होतात.

सकाळी चहा घेताना आम्ही कामं नव्याने वाटून घेतली.

रोजची खरेदी तिच्याकडे. जपानमधली चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकानं, ज्यांना कोनबिनी म्हणतात, ती यासाठी उत्तम शाळा आहेत, कारण तिथले प्रश्न ठरलेले असतात. पिशवी हवी का, गरम करून देऊ का, काड्या किती देऊ. जुलै 2020 पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे घेतात, म्हणून पिशवीचा प्रश्न हमखास येतो. 'फुकुरो' ऐकलं की पिशवी आणि 'आतातामे' ऐकलं की गरम करणं, एवढं तिला पुरलं. मांस आणि मासा यांच्या कांजी तिने वहीत मोठ्या काढून घेतल्या आणि पाकिटांमागची बारीक यादी ती चष्मा वर करून स्वतः तपासायला लागली. मी दुकानाबाहेर थांबायचे. हे बाहेर थांबणं महत्त्वाचं आहे. आपण शेजारी उभे राहिलो की समोरच्याची नजर आपल्याकडेच वळते आणि आपलीही जीभ वळवळते.

दुसरी गोष्ट माझ्याकडे होती. जिथे मीच बोलणार तिथे आत शिरण्यापूर्वी तिला सांगायचं की मी काय विचारणार आहे. आणि बोलणं झाल्यावर तिला सगळं सांगायचं, गाळीव सांगायचं नाही. दुभाष्याचं काम करणाऱ्याला सारांश देण्याची खोड लागते. समोरचा पाच मिनिटं बोलतो आणि आपण म्हणतो, "नाही म्हणतोय." त्या पाच मिनिटांत त्याने स्वतःच्या आईची गोष्ट सांगितलेली असते, उद्या पाऊस येणार असं सांगितलेलं असतं. ते सगळं ज्याला भाषा येत नाही त्याचंही असतं. तिच्या प्रकृतीबद्दल तर तिने मराठीत सांगायचं आणि मी फक्त पोचवायचं. माझ्या मनाने एक शब्दही घालायचा नाही.

आणि समोर कोणी आपल्यासाठी धडपडत असताना आपसांत मराठीत बोलायचं नाही. त्या माणसाला वाटतं आपलं काही चुकलं.

यानंतर आम्ही कोयासानला गेलो. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून गाडी गोकुराकुबाशीपर्यंत जाते, तिथून पाच मिनिटांची केबल कार, मग बस. डोंगरावरचं हे मठांचं गाव कूकाई या भिक्षूने नवव्या शतकात वसवलं. आज तिथे शंभराहून अधिक मठ आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक मठांत प्रवाशांना मुक्काम करता येतो. जेवण शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी अन्न. दाशी कोम्बु शेवाळाची आणि शिताकेची. कांदा-लसूणही वर्ज्य. मैत्रिणीने त्या दिवशी कार्ड काढलंच नाही.

तिथे खास मिळतं ते गोमादोफू. नावात तोफू असलं तरी त्यात सोयाबीन नसतं. तीळ बारीक वाटून, गाळून, कुझु नावाच्या वेलीच्या मुळांचं सत्त्व घालून ते शिजवत घोटतात आणि थापतात. खरवसासारखं मऊ लागतं. मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात मैत्रिणीने वाढणाऱ्या बाईंना हे कसं करतात ते विचारलं. कसं विचारलं ते तिचं तिलाच माहीत. मी परत आले तर त्या बाई आतून सुरिबाची घेऊन आल्या होत्या. आतल्या बाजूने खाचा असलेला हा मातीचा खल असतो, त्यात लाकडी बत्त्याने तीळ घोटतात. मैत्रीण त्यांना फोनवर घरच्या पाट्या-वरवंट्याचा फोटो दाखवत होती. पुढे कांद्याचं चित्र निघालं, त्यावर दोघींनीही हातांची फुली केली. चातुर्मास हा शब्द उच्चारण्याची गरजच पडली नाही. मी दारातच थांबले. आत गेले असते तर पुन्हा दुभाषी झाले असते.

दुसऱ्या दिवशी ओकुनोइनमध्ये, उंच सूचिपर्णी झाडांखाली दोन किलोमीटर पसरलेल्या जुन्या दफनभूमीत, तर आमच्या जागा पुरत्या बदलल्या. तिथे पाच दगड एकावर एक रचलेले स्तूप आहेत, एकेक दगड एकेका महाभूताचा. त्यांवर सिद्धम् लिपीत संस्कृत बीजाक्षरं कोरलेली असतात. ही अक्षरं मला वाचता येत नव्हती, आणि आजूबाजूच्या जपानी मंडळींनाही बहुधा नसावीत. मैत्रीण एका स्तूपासमोर बसली आणि खालून वर बोट नेत मला सांगायला लागली. हा 'व' असणार, म्हणजे पाणी. हा 'र', अग्नी. आणि सगळ्यांत वर 'ख', आकाश. मागे एक जपानी जोडपं थांबलं होतं. त्यांनी मला विचारलं, या काय वाचताहेत? मी ते तिला सांगितलं, तिने उत्तर दिलं, आणि मी ते शब्दशः पोचवलं. त्या वेळी मी दुभाषी होते, पण ते दोघं तिच्याकडे बघत होते.

जाता जाता फोनबद्दल. भाषांतराचं अ‍ॅप जरूर ठेवा, छापील पाट्यांना ते छान चालतं. पण हाताने उभ्या ओळीत लिहिलेल्या भिंतीवरच्या मेनूपुढे आमचा फोन वारंवार अडला. बोलून भाषांतर करायचं असेल तर वाक्य पूर्ण आणि लहान ठेवा. मराठीत आपण कर्ता गाळतो, 'खात नाही' म्हणतो. कोण खात नाही हे यंत्राला कसं कळणार?

कार्डं दोन करा आणि दोघांच्या खिशात एकेक ठेवा. एकाच्याच पर्समध्ये दोन्ही नकोत. त्यांवर स्वतःचं नाव, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी, रोजच्या औषधांची मूळ नावं आणि मुक्कामाचा पत्ता जपानी लिपीत. औषधं नेण्यापूर्वी त्यांतले घटक तपासा. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये नेताच येत नाही. रुग्णवाहिकेसाठी 119 आणि पोलिसांसाठी 110, हे दोन्ही आकडे दोघांनाही पाठ हवेत. भाषा येणाऱ्यालाच बरं वाटेनासं झालं तर फोन दुसऱ्यालाच करायचा आहे, आणि त्याला तोपर्यंत बोलायची सवय झालेली असली पाहिजे.

नमस्कार.