मॉरिशसचा ‘बाबाजी’ कोकणात शोधताना

मित्रहो, मॉरिशसमधल्या मराठी घराण्यांना त्यांचं मूळ गाव सापडावं म्हणून मी काही वर्षं काम करते आहे. तिकडून येणारी विचारणा बहुतेक वेळा एकाच पद्धतीची असते. ‘आमचं आडनाव अमुक आहे, तर हे आडनाव महाराष्ट्रात कुठल्या गावचं?’ ही चौकशी चुकीच्या टोकाकडून सुरू होते, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. या शोधात खरं आडनाव हाती लागलंच तर ते अगदी शेवटी लागतं. तेच धरून निघालेला माणूस भलत्याच जिल्ह्यात जाऊन पोचतो. असं का होतं, ते आज सांगायचं आहे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी १८३३च्या कायद्याने संपली. मॉरिशसमध्ये तिचा अंमल १ फेब्रुवारी १८३५ पासून झाला. त्याआधीच मळेवाल्यांनी उसाच्या कामाला दुसरे मजूर शोधले होते. कलकत्त्याहून निघालेलं ‘अ‍ॅटलस’ हे जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तिथून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख लोक करारावर त्या बेटावर उतरले. ते ज्या घाटावर उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मधली काही वर्षं या मजूरभरतीवर बंदी होती. १८४२ मध्ये ती उठली तेव्हा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशी तीन बंदरं ठरवून दिली गेली. मुंबईहून गेलेले तिन्हींत सर्वांत कमी, पण आपली माणसं प्रामुख्याने त्यांतच होती. रत्नागिरी आणि सातारा भागातले लोक तेव्हाही पोटासाठी मुंबईत येतच असत. तिथे भरती करणारा कोणीतरी भेटे आणि मुंबईचा मुक्काम बंदरापाशी संपे.

आता नावाकडे येते. एक कल्पित उदाहरण घेऊ. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीवरचा तरुण १८५०च्या सुमारास जहाजात चढला. नाव बाबाजी, बापाचं नाव राघो. कारकुनाने जे विचारलं ते त्याने सांगितलं, आणि वहीत बाबाजी, बाप राघो, एवढंच उतरलं. याला आडनाव नव्हतं का? होतं. पण वाडीभर भाऊकी एकच, त्यामुळे सगळ्यांचं आडनावही एकच. जे सगळ्यांचंच आहे ते ओळख सांगायला उपयोगाचं नसतं. गावच्या कागदातही ‘बाबाजी बिन राघो’ लिहिलं की काम भागत असे. अशा माणसाने दर्यापार गेल्यावर आडनाव सांगितलं नाही, यात लपवाछपवी नव्हती आणि अडाणीपणाही नव्हता. त्याला स्वतःची ओळख जशी माहीत होती, तशीच त्याने दिली.

पुढे त्याला मुलगा झाला. मॉरिशस ब्रिटिशांनी १८१० मध्ये जिंकलं, पण तिथला फ्रेंच नागरी कायदा त्यांनी चालू ठेवला होता. त्या पद्धतीच्या जन्मनोंदीत कुळाच्या नावाचा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवता येत नाही. मग बापाचं एकुलतं एक नाव तिथे जाऊन बसलं. नातवंडं, पतवंडं सगळी ‘बाबाजी’ झाली. म्हणून तिकडच्या मराठी समाजात रामजी, बाबाजी, सखाराम अशी पहिली नावंच आडनावं म्हणून चालतात. त्यातही लिहिणाऱ्याच्या कानावर फ्रेंच उच्चारांचे संस्कार, त्यामुळे लक्ष्मणचं ‘लुक्झिमन’ होतं आणि पुढे तेच कायम राहतं.

याचे परिणाम नीट लक्षात घ्या. बाबाजीबरोबर त्याचा सख्खा भाऊ धोंडूही गेला असेल, तर आज एका घराचं आडनाव बाबाजी आणि दुसऱ्याचं धोंडू. रक्त एक असूनही कागदावर दोन कुळं दिसतात. उलट बेटाच्या दोन टोकांना दोन बाबाजी घराणी असतील, तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. दोन जहाजांतून दोन निराळे बाबाजी उतरले, एवढंच त्याचं कारण असू शकतं. आणखी एक गुंता आहे. लग्न फक्त धार्मिक विधीने लागलं असेल आणि सरकारदप्तरी नोंदलं गेलं नसेल, तर मुलाच्या नोंदीत आईचं नाव पुढे येऊ शकतं. मग एखाद्या घराण्याचं ‘आडनाव’ हे प्रत्यक्षात एका बाईचं नाव निघतं. हे सांगताना काही कुटुंबं संकोचतात. मला त्यात संकोचण्यासारखं काही वाटत नाही. त्या बाईनेही तोच समुद्र ओलांडला होता, आणि तिची स्वतंत्र नोंद असते. ती नोंद शोधायला हवी.

मग सुरुवात कुठून करायची? स्वतःच्या जन्मदाखल्यापासून. आपला दाखला, मग आईवडलांचा, मग आजोबांचा, जन्म, लग्न आणि मृत्यू यांचे कागद जोडत एकेक पिढी मागे जायचं. मधली पिढी गाळून उडी मारायची नाही. जो पूर्वज स्वतः जहाजातून उतरला त्याच्यापर्यंत ही साखळी पोचली की त्याचा आप्रवासी क्रमांक शोधायचा. प्रत्येक उतरणाऱ्याला असा क्रमांक दिला जात असे, आणि पुढच्या कागदांतही तो त्याच्या नावापाशी येतो. नाव दहा प्रकारांनी लिहिलं गेलं तरी क्रमांक बदलत नाही. या कामात माझा नावापेक्षा त्या क्रमांकावर जास्त विश्वास आहे.

या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. ही संस्था १९७० मध्ये स्थापन झाली. वहीत नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, गाव, परगणा, जिल्हा, जहाज, उतरल्याची तारीख आणि कुठल्या मळ्यावर पाठवलं ते असतं. १८६०च्या दशकात मजुरांना छायाचित्र लावलेली ओळखपत्रं देण्यात येऊ लागली. मुंबईहून गेलेले बरेचसे त्याच्या आधीच उतरलेले होते. पण जे तेव्हा हयात होते त्यांचं छायाचित्र मिळण्याची शक्यता आहे. आपल्याकडे त्या काळातल्या शेतमजुराचा चेहरा कुठल्या कागदावर राहिला आहे? तिकडे तो राहिला. आजच्या वंशजाला आपल्या पाचव्या-सहाव्या पिढीच्या पुरुषाचे डोळे पाहायला मिळतात, आणि हे कुठल्याही आडनावापेक्षा मोठं धन आहे असं मला मनापासून वाटतं.

या वह्यांत सगळेच सापडत नाहीत, हेही सांगून ठेवते. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदीही मॉरिशसला पाठवले गेले. त्यांनी तिथे रस्ते बांधले. ते कराराचे मजूर नव्हते, त्यामुळे त्यांचा शोध निराळ्या दप्तरांत घ्यावा लागतो.

खरी कसोटी लागते ती गावाच्या नावापाशी. बाबाजीने गावाचं नाव कोकणी हेलात सांगितलं, कारकुनाने ते इंग्रजी अक्षरांत उतरवलं, आणि आज आपण ते वाचतो. अशा वेळी नकाशा नंतर काढावा. आधी तो शब्द मोठ्याने, चार तऱ्हांनी उच्चारून पाहावा, शक्य तर त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसासमोर. डोळ्यांना निरर्थक वाटलेलं नाव त्यांच्या कानाला लगेच कळतं. जिल्ह्याचं नाव मात्र बहुतेक वेळा ओळखू येतं. धोका तिथे वेगळा आहे. वहीतली रत्नागिरी म्हणजे आजचा रत्नागिरी जिल्हा नव्हे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, म्हणजे मालवण किंवा देवगडचा माणूसही ‘रत्नागिरी’चाच लिहिला जाणार. सावंतवाडी तर तेव्हा संस्थान होतं. कुलाब्याला आज आपण रायगड म्हणतो. साताऱ्याचा दक्षिण भाग १९४९ मध्ये तोडून पुढे सांगली जिल्हा झाला. ठाण्यातून पालघर २०१४ मध्ये निघाला. शिवाय एकाच नावाची गावं अनेक. शिरगाव म्हटलं तर रत्नागिरीजवळ आहे, चिपळूणकडे आहे, देवगडकडेही आहे. म्हणून परगण्याचा किंवा तालुक्याचा शब्द वाचता आला नाही तर तिथेच थांबावं. अंदाजाने एखादं शिरगाव निवडून तिथे गेल्यावर लोक प्रेमाने स्वागत करतील, नारळही देतील, पण ते गाव आपलंच असेल याची खात्री कोण देणार?

अशा वेळी एक उपाय हमखास करून पाहावा, आणि बहुतेक जण नेमका तोच करत नाहीत. आपल्या पूर्वजाची एक ओळ वाचून वही मिटू नका. त्या जहाजाची पूर्ण यादी वाचा. माणसं एकटीदुकटी क्वचित निघत. एका वाडीचे, एका भावकीचे, मेहुणे-भाचे असे मिळून जात. बाबाजीच्या ओळीत बिघडलेलं गाव तीन ओळी खाली दुसऱ्याच्या नावापुढे स्वच्छ लिहिलेलं असू शकतं. एखाद्याच्या बापाचं नावही राघोच निघालं तर तो भाऊ असण्याची शक्यता तपासायची. पुढे हेच सोबती एकाच मळ्यावर दिसतात, एकमेकांच्या लग्नाला साक्षीदार म्हणून उभे राहतात. या सोबत्यांचा गट सापडला की गाव सापडण्याची आशा कितीतरी वाढते.

गाव मिळालं की शोध आपल्या बाजूला येतो, आणि इथे मला तुम्हा मंडळींशीच बोलायचं आहे. इकडचे कागद मराठीत आहेत, त्यातले जुने मोडीत आहेत. मॉरिशसहून आठवड्यासाठी आलेला पाहुणा ते वाचू शकत नाही. कोकणातल्या खोती गावांत बोटखतं आहेत, ज्यांत जमीन कसणाऱ्या कुळांची नावं मिळतात. महसुली दप्तरात फेरफार आहेत, जन्ममृत्यूची कोतवाल बुकं आहेत. बाबाजी त्यांत नसेलही, कारण तो आधीच गेलेला. पण त्याचा मागे राहिलेला भाऊ असेल, भावाचा मुलगा असेल, आणि बापाचं नाव राघो जुळेल. त्या ओळीवर जे आडनाव दिसेल, ते बाबाजीचं. एवढ्या लांबच्या वाटेनंतर ते मिळतं, म्हणूनच मी सुरुवातीला ते शेवटी येतं असं म्हटलं.

पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे दुसरं मोठं साधन. त्या गाववार आणि कुळवार लावलेल्या असतात; यात्रेला आलेला माणूस आपल्या वाडवडलांची आणि भावंडांची नावं सांगून जातो. दक्षिण महाराष्ट्रात वंशावळी सांभाळणारे हेळवी घरोघर येऊन पिढ्या वाचून दाखवतात. या वह्यांना काही अभ्यासक कमी लेखतात. तोंडी सांगितलेल्या नावांत चुका होतात हे खरं, पण महसूलखात्याला ज्या भावाशी कर्तव्य नव्हतं त्याचंही नाव उपाध्यायाने लिहून ठेवलेलं असतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी गावोगावची जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. ते काम ज्यांनी केलं त्यांची नजर आता तयार झाली आहे. ती या शोधालाही वापरता येईल.

आडनाव मिळाल्यावरही सावध राहायला हवं. मोरे, शिंदे, जाधव, पवार ही आडनावं महाराष्ट्रभर आणि अनेक जातींत आहेत. केवळ तेवढ्यावर नातं ठरत नाही. देवक, कुलदैवत, गावच्या देवळातला मान हे जुळवून पाहावं लागतं. आणि ‘कर’ लागलेलं आडनाव तर आधीच्या स्थलांतराचाच कागद आहे. चिपळुणात कोणी कोणाला चिपळूणकर म्हणण्याचं कारण नाही. चिपळूण सोडून दुसरीकडे गेल्यावर तो चिपळूणकर होतो. म्हणजे बाबाजीचं खरं आडनाव असं निघालं, तर त्याच्या घराण्याने समुद्राआधीही एकदा गाव सोडलेलं होतं.

डीएनए चाचणीबद्दल नेहमी विचारतात. खापरपणजोबांकडून आपल्याकडे सरासरी सोळावा भाग येतो, त्यामागच्या पिढीकडून बत्तिसावा. तेवढ्यावर नातं ओळखायचं तर इकडच्या भाऊबंदानेही चाचणी केलेली हवी. कागद जुळल्यावर खात्रीसाठी ती चांगली. गाव ती सांगणार नाही.

मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाची सोय जाहीर केली. त्यामुळे कागद जमवण्याची निकड वाढली आहे. पण तिकडची माणसं फक्त कार्डासाठी विचारतात असं समजू नका. त्यांनी गणपती टिकवला, तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातला जाखडी हा नाच त्यांनी टिकवला. कुठल्या वाडीची जाखडी आपल्या आज्याने नेली, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

तेव्हा घरी गेल्यावर आपली वंशावळ काढा. तिच्यात कुठेतरी एखाद्या नावापुढे ‘परागंदा’ किंवा ‘निपुत्रिक’ लिहिलेलं असेल, नाहीतर नाव असून पुढची फांदीच नसेल. कुळवृत्तांत नव्याने छापताना अशी नावं जागा वाचवायला गाळतात, ते कृपा करून करू नका. नाव ठेवा, बापाचं नाव ठेवा, भावांची नावं ठेवा. वाडीचं नाव जुन्या तालुक्यासह लिहा, कुलदैवत लिहा. घरात कोणी ‘तो जहाजावर गेला’ असं म्हणत असेल तर तेही, ज्याच्या तोंडून ऐकलं त्याच्या नावासकट, शेजारी नोंदवून ठेवा.