आवाज बंद करून बघा: सिडनी प्वाटिए

हॉलिवूडचा कृष्णवर्णीय नट सिडनी प्वाटिए, त्याचा कुठलाही पिक्चर लावा आणि सुरुवातीला दोन मिनिटं आवाज म्यूट करून बघा. समोरचा माणूस तावातावानं बोलतोय, हातवारे करतोय, सिडनी नुसता उभा आहे, आणि तरी आपली नजर काही केल्या त्या बोलणाऱ्यावर टिकत नाही. कारण सिडनी ऐकत असतो. खरंच ऐकत असतो, आपला डायलॉग कधी येतोय याची वाट बघत नसतो. उत्तर द्यायच्या आधी तो एक श्वास थांबतो आणि त्या एका श्वासात राग, अपमान, गिळलेला आवंढा, सगळं येऊन जातं. मला विचाराल तर त्याची सगळी अ‍ॅक्टिंग त्या एका श्वासात आहे.

हे ऐकणं त्याला शिकावं लागलं होतं. जन्म २० फेब्रुवारी १९२७ चा, मायामीतला. आईवडील बहामाजमधल्या कॅट आयलंडवर टोमॅटो पिकवायचे, तो माल विकायला मायामीला आलेले आणि तिथेच हा दिवस भरायच्या आधी जन्माला आला. बेटावर लाइट नाही, शाळा जेमतेम. सोळाव्या वर्षी एकटा न्यूयॉर्कला पोचला आणि हॉटेलांमध्ये भांडी घासायला लागला. मग पेपरात नट पाहिजेत अशी जाहिरात दिसली म्हणून हार्लेममधल्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या काळ्यांच्या वस्तीतल्या, अमेरिकन निग्रो थिएटरला गेला, हातात स्क्रिप्ट दिली तर धड वाचता येईना, वर बोलण्यात बेटावरचा हेल. तिथल्या माणसानं त्याला दाराबाहेर काढलं आणि सांगितलं, जा, कुठेतरी भांडी घास. सिडनीला चालता चालता एकच प्रश्न पडला, मी भांडी घासतो हे याला कसं कळलं?

मग त्यानं रेडिओ घेतला. निवेदक जसं बोलतील तसं त्यांच्या मागून बोलायचं, हेल जाईपर्यंत. आणि वाचायला शिकवलं ते हॉटेलातल्याच एका म्हाताऱ्या ज्यू वेटरनं. रात्री गिऱ्हाईक संपलं की दोघं पेपर घेऊन बसायचे, स्वल्पविराम म्हणजे काय, शब्द तोडून कसा वाचायचा, रोज. त्या माणसाचे आभार मानायचे राहूनच गेले, हे सिडनीनं कितीतरी वर्षांनी सांगितलंय, आणि सांगताना त्याचा गळा दाटून आलाय.

आता पिक्चरकडे येऊ. १९५८ चा 'द डिफायंट वन्स'. दोन कैदी, एक गोरा एक काळा, एकाच साखळीत अडकलेले, तसेच पळालेत. गोरा म्हणजे टोनी कर्टिस. शेवटी साखळी तुटलेली असते, सिडनी मालगाडीवर चढलेला असतो, कर्टिस मागे धावतोय, हात हातात येतो पण ओढून घेणं जमत नाही, आणि सिडनीही खाली पडतो. गोऱ्या प्रेक्षकांना हे फार भावलं. हार्लेमच्या थिएटरात मात्र लोक पडद्याकडे बघून ओरडत होते की अरे वेड्या, गाडीत चढ परत! काळा लेखक जेम्स बाल्डविननं हे लिहून ठेवलंय. मला दोन्ही पटतं. ओरडणारे बरोबरच होते, आणि त्यानंतर जखमी कर्टिसला मांडीवर घेऊन सिडनी मोठ्यानं गाणं म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीही येतं.

१९६३ चा 'लिलीज ऑफ द फील्ड' छोटासाच आहे, अ‍ॅरिझोनात दोन आठवड्यांत उरकलेला. वाळवंटातल्या जर्मन बोलणाऱ्या नन्स आणि त्यांच्यासाठी चॅपल बांधणारा एक वाटसरू. कामाला गडी हवाय पण नाश्त्याला त्याच्यापुढे ठेवलंय एकच अंडं! त्या अंड्याकडे सिडनी ज्या नजरेनं बघतो ना, तेवढ्यासाठी तरी बघाच. याच रोलसाठी १३ एप्रिल १९६४ ला त्याला ऑस्कर मिळालं, बेस्ट अ‍ॅक्टरचं ऑस्कर घेणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस. यातलं 'आमेन' गाणं त्याच्या आवाजातलं नाहीये बरं का, ते जेस्टर हेअरस्टननं गायलंय. हे नाव लक्षात ठेवा.

मग आलं १९६७. एका वर्षात तीन पिक्चर. 'टू सर, विथ लव्ह' मधला लंडनचा मास्तर बहुतेकांनी पाहिलाय, त्यावर जास्त बोलत नाही. 'गेस हूज कमिंग टू डिनर' मध्ये तो डॉक्टर आहे आणि गोऱ्या मुलीशी लग्न करणार आहे. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं असं लग्न कायदेशीर ठरवलं, तोपर्यंत सोळा राज्यांत तो गुन्हा होता. पण अख्ख्या पिक्चरमध्ये त्या दोघांचा किस दिसतो तो टॅक्सीच्या आरशात, ड्रायव्हरच्या नजरेतून. इतकं जपून. हा हिरो फारच गुणी आहे, गोऱ्यांना आवडेल असा घडवलाय, ही टीका तेव्हाही झाली आणि ती खोटी नाही. पण त्यातच तो आपल्या वडिलांना म्हणतो की तुम्ही स्वतःला काळा माणूस समजता, मी स्वतःला माणूस समजतो. तिथे पटकथा मागे राहते आणि हा पुढे निघून जातो.

आणि 'इन द हीट ऑफ द नाइट'. गोष्ट मिसिसिपीतल्या स्पार्टा गावची, शूटिंग बहुतेक इलिनॉयमधल्या स्पार्टात, कारण सिडनीनं मिसिसिपीसारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत जायला नकार दिला. १९६४ मध्ये तो आणि गायक हॅरी बेलाफॉन्टे काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतल्या मुलांसाठी पैसे घेऊन मिसिसिपीत गेले होते आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी टोळीच्या माणसांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला होता. यात तो व्हर्जिल टिब्स, फिलाडेल्फियाचा डिटेक्टिव्ह. गावचा पोलीस चीफ त्याला सतत अरेतुरे करतो, तिकडे तुला काय म्हणतात रे, असं हिणवून विचारतो. उत्तर येतं, मिस्टर टिब्स म्हणतात मला! आपल्याकडे अरे आणि अहो यातलं अंतर ज्याला कळतं त्याला त्या 'मिस्टर'चं वजन वेगळं सांगायला नको.

मग तो ग्रीनहाऊसचा सीन. एंडिकॉट नावाचा बडा मळेवाला, आजूबाजूला ऑर्किडच्या कुंड्या, नोकर सरबताचा ट्रे घेऊन उभा. टिब्स प्रश्न विचारतो, एंडिकॉट त्याच्या कानाखाली मारतो. आणि आयुष्यभर उत्तराआधी थांबणारा सिडनी इथे थांबत नाही. लगेच उलटी थप्पड. मध्ये श्वासाएवढीही जागा नाही. हे आपणच मागून घेतलं असं तो सांगायचा, बाकीचे म्हणाले स्क्रिप्टमध्ये आधीपासून होतं. असू दे, हात त्याचा होता. आणि तो ट्रे धरून बघत राहिलेला नोकर कोण? जेस्टर हेअरस्टन, ज्याच्या आवाजावर सिडनी 'आमेन' म्हणाला होता.

शेवटी तेच स्टेशन, जिथे रात्री गाडीची वाट बघत बसलेल्या टिब्सला संशयित म्हणून उचललं होतं. आता त्याची बॅग चीफनं स्वतः उचलून आणलीय. चीफ झालेला रॉड स्टायगर अवघडत म्हणतो, व्हर्जिल, सांभाळून राहा. सिडनी वळतो, बघत राहतो, आणि मग हसतो. इथे परत एकदा आवाज बंद करून बघा.