जुनी लष्करी तलवार हातात आली, की आधी तिची पाठ बघा

नमस्कार मंडळी! आज मी बर्मिंगहॅममधल्या माझ्या घरून बोलतोय आणि टेबलावर दोन तलवारी आहेत. लांबून बघाल तर सख्ख्या बहिणी वाटतील. एक साधारण दोनशे वर्षांची आहे, ब्रिटिश हलक्या घोडदळातल्या साध्या शिपायाची. दुसरी सजावटीसाठी अलीकडे केलेली नक्कल. जुन्या युरोपीय लष्करी तलवारी जमवायच्या म्हणून बाजारात पाऊल टाकलंत, की पहिल्याच दिवशी हा प्रश्न समोर येतो: यातली खरी कोणती?

नवखा माणूस मूठ बघतो, नाहीतर धार. मी म्हणेन, आधी पाठ बघा. पाठ म्हणजे पात्याची धारेच्या विरुद्ध बाजू, तलवारीचा कणा.

(पात्याची पाठ कॅमेऱ्याजवळ)

हे बघा. मुठीपासून दोन बोटं पुढे, बारीक अक्षरं. उजेड तिरका पडला तरच दिसतात, म्हणून मी टॉर्च आडवा धरलाय. ‘ऑस्बॉर्न’. हेन्री ऑस्बॉर्न हा याच बर्मिंगहॅमचा तलवारी घडवणारा, आणि या तलवारीच्या जन्मात त्याचा मोठा हात आहे.

झालं असं. १७९३ नंतर फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, फ्रेंचांशी लढताना जॉन गॅस्पार्ड ल मार्शाँ नावाच्या एका घोडदळ अधिकाऱ्याच्या लक्षात आलं, की आपले स्वार आपल्याच तलवारीने स्वतःला आणि घोड्याला जखमा करून घेतायत. तलवार बेढब आणि ती चालवायची कशी हे कुणी धड शिकवलेलं नाही. मायदेशी परतल्यावर त्याने ऑस्बॉर्नला हाताशी धरून नवं पातं आखलं आणि ते चालवण्याची कवायतही लिहून काढली. १७९६ मध्ये दोन्ही सैन्यात लागू झालं. पुढे १८१२ मध्ये स्पेनमधल्या सालामांकाच्या लढाईत, आपल्या घोडदळाच्या अग्रभागी असताना ल मार्शाँ मारला गेला.

आता पातं नीट बघा. छान वक्र आहे, लांबी साधारण ३३ इंच, दोन्ही अंगांना एकेक रुंद पन्हळ. गंमत टोकाकडे आहे: इतर तलवारी टोकाकडे अरुंद होत जातात, ही उलट जराशी रुंदावते आणि मग कुऱ्हाडीसारखी गोल वळते. भोसकण्यासाठी नाहीच ती, छाटण्यासाठी आहे. मूठही किती साधी! बोटांवर एकच लोखंडी कमान, अगदी रिकिबीच्या आकाराची. प्रशियनांना हा घाट इतका आवडला, की १८११ मध्ये त्यांनी जवळजवळ तशीच तलवार आपल्या सैन्यासाठी काढली.

पण आकाराची नक्कल कुणीही करतो. नक्कल करणाऱ्याला जड जातं ते वेगळंच, आणि तेही पाठीवरच कळतं. हा व्हर्नियर कॅलिपर. खऱ्या तलवारीची पाठ मुठीजवळ मोजतो: साडेआठ मिलिमीटर. मध्यावर साडेचार. टोकाच्या चार बोटं अलीकडे, जेमतेम दोन. म्हणजे पातं मुठीपासून टोकापर्यंत सतत पातळ होत गेलंय. आता नक्कल घेऊ. मुठीजवळ पाच, मध्यावर पाच, टोकाजवळ साडेचार. ही सपाट पट्टीतून कापून काढलीय. हातात घेतली की लोखंडी गज उचलल्यासारखं वाटतं, सगळा भार पुढे. खरी तलवार मात्र मनगटात झुलते. पुस्तकात वाचून हे कळत नाही, म्हणून कोणत्याही प्रदर्शनात विक्रेत्याची परवानगी घेऊन शक्य तितक्या तलवारी हातात धरून बघा.

मुठीच्या वरच्या टोकालाही एक नजर टाका. आत गेलेलं पात्याचं शेपूट वरून बाहेर काढून ठोकून पसरवलेलं असतं, खिळ्याचं डोकं बसवतात तसं. तिथे चकचकीत नट दिसला तर मी तलवार खाली ठेवतो.

आणि हा शिक्का. मुकुट आणि त्याखाली आकडा, तांदळाच्या दाण्याएवढा. सरकारी तपासनीसाने पातं वाकवून, आपटून पाहिलं आणि पास केलं, त्याची ही खूण. त्या काळात पात्याच्या दर्जावरून इथे मोठा वाद पेटला होता. इंग्लिश पाती मोडतात, जर्मनीच्या झोलिंगेनची चांगली, असं सर्रास बोललं जायचं. बर्मिंगहॅमच्या टॉमस गिलने ते मनावर घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीने चाचणी लावली तेव्हा त्याची पाती जर्मन पात्यांनाही भारी ठरली, आणि मग त्याच्या काही तलवारींच्या पाठीवर ‘कधीही दगा देणार नाही, याची हमी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येऊ लागली. पाठीवर ती ओळ असलेलं पातं मी एकदा हातात धरलंय. अंगावर काटा आला होता.

फ्रेंच तलवार मिळाली तर तुमचं काम फारच सोपं. क्लिंगेनथाल आणि नंतर शातेलरो इथल्या सरकारी कारखान्यांत पाठीवर कारखान्याचं नाव, महिना आणि वर्ष वळणदार अक्षरांत कोरायची पद्धत होती. वर्ष पुसलं गेलं असेल तरी एक शब्द वाचा. ‘इंपेरियाल’ असेल तर सम्राटाची राजवट, ‘रॉयाल’ असेल तर राजाची, ‘नासियोनाल’ असेल तर प्रजासत्ताकाची. राज्य बदललं की पाठीवरचा शब्द बदलायचा.

आता आपल्याकडची गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत प्रिय आहे. १८२१ नंतर ब्रिटिश सैन्यात नवा नमुना आला आणि ही १७९६ ची तलवार मोडीत निघाली. पुढे कॅप्टन नोलान, म्हणजे १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात बालाक्लावाला, ‘लाइट ब्रिगेड’ या ब्रिटिश हलक्या घोडदळाला तोफांच्या तोंडी नेणारा घातक हुकूम घेऊन गेलेला आणि तिथेच मेलेला अधिकारी, याने निजामाच्या घोडदळाबद्दल लिहून ठेवलं. या स्वारांच्या तलवारींनी झालेल्या जखमा ऐकून तो चक्रावला होता. असली कसली तलवार म्हणून बघायला गेला, तर पाती इंग्रजांनीच टाकून दिलेली! फक्त मूठ देशी, धार वस्तऱ्यासारखी आणि म्यान लाकडाचं. इंग्रज शिपायाचं म्यान लोखंडी, त्यामुळे तलवार काढता-घालता धार मरायची. वार करायला शिकवता कसं, असं त्याने विचारलं, तर उत्तर मिळालं की शिकवायचं काय त्यात, धारदार तलवार कुणाच्याही हातात कापते. निजामाच्या या फौजेची घोडदळाची एक छावणी आपल्या अंबाजोगाईला होती, तेव्हाच्या मोमिनाबादला. शिवाय युरोपीय पात्याला देशी मूठ बसवणं आपल्याला नवीन नव्हतंच. अशा तलवारीचं ‘फिरंग’ हे नावच त्यातून आलेलं आहे.

म्हणून मराठवाड्यातल्या कुणाच्या वाड्यात देशी मुठीची तलवार असेल आणि पात्याचं टोक असं कुऱ्हाडीसारखं रुंद असेल, तर पाठ जरूर तपासा. रिकिबीसारखी मूठ आणि ‘आय एस डी’ ही अक्षरं दिसली तर ती ‘इंडिया स्टोअर्स डिपार्टमेंट’ या सरकारी पुरवठा खात्याची खूण. बर्मिंगहॅमचा मोल हा कारखाना भारतीय स्वारांसाठी हाच जुना घाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही बनवत होता. अशी तलवार शिवकालीन नाही, हे घरच्यांना सांगताना मला कधी वाईट वाटत नाही. तुमच्या खापरपणजोबांनी प्रत्यक्ष कमरेला बांधलेली असण्याची शक्यता तिचीच जास्त!

आता माझ्या हातून झालेलं नुकसान सांगतो. माझी पहिली तलवार व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, पायदळातल्या अधिकाऱ्याची, विल्किन्सन या लंडनच्या तलवारी बनवणाऱ्या कंपनीची. मुठीलगत पितळी चकती होती, चाचणीची खूण. विल्किन्सनने १८५४ पासून अधिकाऱ्यांच्या तलवारींच्या पाठीवर क्रमांक घालायला सुरुवात केली आणि त्यांच्या नोंदवह्या आजही शिल्लक आहेत. क्रमांक जुळला की तलवार कधी बनली आणि अनेकदा कुणी घेतली, तेही कळतं. मला हे माहीत नव्हतं. मी एका रविवारी दुपारी पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि आरशासारखी चकचकीत केली. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे त्यात गेले. तो अधिकारी कोण, हे आता मला कधीच कळणार नाही. अजूनही ती तलवार बघितली की पोटात तुटतं.

तेव्हा हात जोडून सांगतो, काळपटपणा काढू नका. तांबडा गंज वाढत असेल तर तेवढ्याच जागी तेल लावून, अगदी बारीक स्टील वूलने हलकेच. क्रमांक, नाव, शिक्का यांच्या आसपास तर तेही नको. नंतर मऊ कापडाने तेलाचा पातळ हात. पात्याला उघडं बोट लावू नका, घामाचे ठसे महिन्याभरात गंजतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात तलवार चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं.

कायद्याचं तेवढं लक्षात ठेवा. भारतात ९ इंचांहून लांब पात्याची तलवार १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. तुमच्या भागात परवाना लागतो का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आणि शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुलाला परदेशात पाठवून देऊ, असं मनातही आणू नका.

घरात अशी तलवार असेल तर मला चार फोटो पाठवा: पूर्ण तलवार, मुठीचं वरचं टोक, मुठीलगतचं पातं दोन्ही अंगांनी, आणि पाठ. पाठीचा फोटो खिडकीजवळ, तिरक्या उजेडात काढा. आणि फोटोसाठी म्हणून पुसू नका, आहे तशीच राहू द्या.