दुसऱ्या डोसचं गणित

रामराम मंडळी. कापसाची वेचणी भरात आहे. रेडिओ धुऱ्यावर ठेवून ऐकत असाल तर हात चालू राहू द्या, आजचं गणित तोंडीच होईल.

गावात कुणालाच लस नाही, गोवर येऊन गेलेला नाही, असं धरा. अशा गावात गोवराचं एक लेकरू 12 ते 18 जणांना आजार देतं. आपण 15 धरू.

आता नवव्या महिन्यात, एकही न चुकवता, सगळ्या लेकरांना पहिला डोस दिला. तरी साथ येते! त्या वयात आईकडून आलेली ताकद लेकराच्या अंगात थोडी उरलेली असते, ती लशीला पुरतं काम करू देत नाही. 100 पैकी साधारण 85 जणांनाच लस लागू पडते. उरले शेकडा 15. म्हणजे एक रोगी ज्या 15 जणांना आजार देतो, त्यातले शेकडा 15 च आता सापडतात, म्हणजे सव्वादोन. एकाचे सव्वादोन, त्यांचे पाच, पाचाचे अकरा. दुसऱ्या डोसनंतर मात्र 100 पैकी 97 सुरक्षित. 15 चे शेकडा 3, म्हणजे दोन रोग्यांमागे जेमतेम एक नवा. साथ तिथंच विझते.

ही रीत 1927 सालची. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी साथीचं गणित मांडायला माणसांचे तीन गट केले: आजार होऊ शकेल असे, आजारी, आणि त्यातून सुटलेले, मग बरे होऊन असोत की दगावून. समीकरण ताडून पाहायला आकडे घेतले 1905-06 च्या मुंबईतल्या प्लेगचे, दर आठवड्याच्या मृत्यूंचे. वर्गात फळ्यावर तो आलेख काढताना माझा खडू थांबतो. त्यातला एकेक ठिपका म्हणजे कितीतरी घरांतली माणसं.

तालुक्याची लसीकरणाची सरासरी 95 टक्के, एवढ्यानं माझं समाधान होत नाही. उरलेले 5 तालुकाभर विखुरलेले नसतात, बरेचदा एकाच पाड्यावर असतात. मेळघाटातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात, होळीला परततात. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत. नेमका याच फेऱ्यात तो राहून जातो. मायबापाला बोल लावून काय होणार? पोट तर भरायचंच आहे.

म्हणून निघताना गाठोड्यात लसीकरणाचं कार्ड ठेवा. जिथं कामाला जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात हा डोस फुकट मिळतो. राहूनच गेला असेल तर लेकरू पाच वर्षांचं होईपर्यंत देता येतो. आणि कार्ड हरवलं असलं, तरी लेकराला घेऊन आशाताईकडे जा.